आधी जेवण, मग कचेरी

आमच्या घरात एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. घोडेगावच्या अलीकडे रस्त्याला लागून एक मेक्सिकन खानावळ आहे. तिथं पाहुण्यांना घेऊन जेवायला गेलो की ती हमखास निघते. सांगतो माझा मुलगा. "आमच्या ताईनं जमिनीवरचा हक्क हसत हसत सोडला. सही करायच्या आधी इथंच, ह्याच टेबलावर जेवली. दोन टाको आमच्यापेक्षा जास्त खाल्ले तिनं. आजकाल बहिणी कोर्टात खेचतात, राव. अशी बहीण मिळायला नशीब लागतं." पाहुणे माना डोलावतात आणि मग माझ्याकडं बघतात, कारण त्या जेवणाला मीही होतो. मीही मान डोलावत आलो.

ती डोलावलेली मान मला आता मागं घ्यायची आहे. माझ्या मुलीनं हसत सही केली नाही. त्या जेवणात ती एकदाच हसली, आणि ते कशावर ते मला माहीत आहे. जमीन तर गेलीच, पण ती आनंदानं दिली असं तिच्या नावावर जे लागलं आहे, तेवढं तरी पुसून जावं म्हणून हे लिहितो. लिहायची सवय नाही. पतपेढीत नोकरी केली, तिथं लिहिलं ते दुसऱ्यांनी सांगितलेलं.

मेक्सिकन खानावळ म्हटल्यावर काही चकचकीत डोळ्यांसमोर येईल. तसं नाही. पत्र्याची शेड आहे, पुढं दोन गुलमोहर आणि मोटरसायकली लावायला मुरूम टाकलेली जागा. मालक वरच्या डोंगरातल्या गावचा. पुण्यात हॉटेलांत भांडी घासत घासत स्वयंपाक शिकला, मग बोटीवर गेला. परदेशी लोकांना घेऊन फिरणाऱ्या मोठ्या बोटी असतात, त्यांच्या मुदपाकखान्यात मेक्सिकोतल्या लोकांच्या हाताखाली त्यानं काही वर्षं काढली. रोगाच्या साथीत बोटी बंद पडल्या तेव्हा घरी आला तो राहिलाच. पाटीवर त्यानं मोठ्या अक्षरांत 'मेक्सिकन' लिहिलं. सुरुवातीला कुणी फिरकेना. मग त्याखाली बारीक अक्षरांत 'मिसळ व चहा मिळेल' असं लिहून घेतलं. लोक मिसळ खायला आले आणि शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते बघून हळूहळू तिकडं वळले.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते नातीच्या हट्टामुळं. माझी बायको तेव्हा होती. आमच्या घरात जेवणाची पद्धत जुनी. आधी पुरुष आणि पोरं, मग सून, आणि चूल विझायला आल्यावर बायको. तिला तव्यावरची गरम भाकरी मिळाल्याचं मी कधी पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही हेही मला त्या दिवसापर्यंत जाणवलं नव्हतं. मी तिला म्हटलं होतं, "तू घरीच पिठलं-भाकरी टाक तुझ्यापुरती, आम्ही येतो जाऊन." नात म्हणाली, "आजी नाय तर मी पण नाय." म्हणून ती आली.

मालकानं टोपलीत फडक्यात गुंडाळून मक्याच्या लहान लहान भाकऱ्या आणल्या. बायकोनं एक उचलून उलटीपालटी केली.

"काय रं ही? मक्याची भाकरी का?"

"व्हय आजी. टॉर्टिया म्हणत्यात. पण भाकरीच म्हना."

"थापतोस?"

"न्हाई, दाबतो. यंत्र हाये."

ती उठली आणि सरळ आत गेली. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं पदर खोचला होता. लोखंडाच्या दोन तबकड्या, मधे पिठाचा गोळा, वरून दांडा दाबायचा. तिनं एक दाबली, वरची तबकडी उचलली आणि मोठ्यानं हसली. बाहेर आम्हाला ऐकू आलं. "आरं द्येवा! एवढं सोपं! माझा जल्म गेला की रं थापण्यात!"

मालकानं तिनंच दाबलेली भाकरी भाजली, त्यावर घेवड्याची उसळ, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि कुठलासा ठेचा घातला, घडी घातली, ह्यालाच तो टाको म्हणतो, आणि तिच्यापुढं धरली. "आजी, आधी तुमी. तव्यावरची हाये." तिनं ती हातात घेतली आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "खा की." परवानगी दिल्यासारखं म्हटलं. मग ती जेवली. आमच्याबरोबर, आमच्या आधी.

त्या दिवसापासून ती खानावळ तिची झाली. मेक्सिकन हा शब्द तिच्या तोंडी कधी बसला नाही. ती म्हणायची, "बोटवाल्याकडं जाऊ." कुणाचा वाढदिवस असो, टोमॅटोला बाजार चांगला लागो, नात पास होवो, तिचं आपलं एकच. मुलगी बोरी बुद्रुकला दिलेली. ती माहेरी आली की मायलेकी दोघीच रिक्षानं जाऊन यायच्या. काय बोलायच्या देव जाणे. येताना दोघींच्या तोंडाला ठेच्याचा वास.

तिच्याबरोबर आमचं शेवटचं जेवण तिथंच झालं. मुलगा फोनवर बोलत बाहेर गेला होता, सून नातीचे हात धुवायला. टेबलावर आम्ही दोघंच. तिला तेव्हा भाकरी अर्धीसुद्धा जात नव्हती. ती म्हणाली, "एक सांगू का? वढ्यालगतचा तुकडा पोरीच्या नावावर करा. ती मागायची न्हाई. आन द्यायचा नसंल तर तसं तिला तोंडावर सांगा. माझ्या नंदंवानी करू नका."

मी म्हटलं, "बघू."

"बघू न्हाई," ती म्हणाली. एवढ्यात मुलगा आत आला आणि ती गप्प झाली. त्या हिवाळ्यात ती गेली.

नंदंवानी म्हणजे काय, ते सांगायला हवं. नणंद म्हणजे माझी धाकटी बहीण. वडील वारल्यावर वारसनोंद झाली, त्यात तिचंही नाव लागलं. आमच्याकडं अशा वेळी जे होतं तेच झालं. बहिणीला बोलावून घ्यायचं, कचेरीत न्यायचं, हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, साडी-चोळी करायची आणि हॉटेलात जेवू घालून एसटीत बसवून द्यायचं. बहीण सही करते, कारण तिला माहेर टिकवायचं असतं. भाऊ जेवू घालतो, कारण त्याला कुणी चोर म्हणू नये. ह्याला कुणी व्यवहार म्हणत नाही. सगळे मायाच म्हणतात.

माझ्या बहिणीनं सही केली. मग मी तिला स्टँडसमोरच्या हॉटेलात नेलं. माझी मुलगी तेव्हा शाळेत जायच्या वयाची, तिला मी बरोबर घेतलं होतं, म्हणजे बहिणीला रडता येऊ नये. मी शेवभाजी, पुरी, वर जिलबी मागवली. बहिणीनं एक घास घेतला आणि तो तोंडात तसाच ठेवून बसली. मग तिनं ताट माझ्या मुलीकडं सरकवलं. "खा गं तू. मला न्हाई भूक." मुलीनं स्वतःचं संपवून आत्याचंही खाल्लं. बहीण एसटीत बसली आणि पुढं माझ्या घरी लग्नकार्याशिवाय आली नाही.

त्या न खाल्लेल्या ताटाचं मला वाईट वाटलं, पण ते वेगळ्या तऱ्हेनं. मला वाटलं, क्रम चुकला. सही झाल्यावर जेवायला घातलं, म्हणून तिच्या घशाखाली उतरलं नाही. आधी जेवली असती तर पोट भरलेलं, मन भरलेलं, सहीसुद्धा सहज झाली असती आणि नातंही राहिलं असतं. माझ्या बहिणीच्या त्या ताटावरून मी शिकलो ते हे.

बायको जाऊन वर्ष होत आलं तेव्हा मुलानं विषय काढला. त्याला शेततळं करायचं होतं. मीही हयातीतच सगळं त्याच्या नावावर करून मोकळा व्हायला तयार होतो. वकील म्हणाला, जमीन वडिलोपार्जित आहे, ताईंचं हक्कसोड लागेल.

मुलगा म्हणाला, "ताईला बोलावून घेतो. सही झाली की जेवायला नेऊ कुठंतरी."

मी म्हटलं, "आधी जेवण, मग कचेरी."

त्यानं विचारलं, "का?"

"खाल्ल्यावर माणूस नाही म्हणत नाही."

"आबा, तुमी लई पोचलेले," तो हसून म्हणाला. मलाही बरं वाटलं, हे लपवत नाही.

कुठं जेवायचं तेही मीच ठरवलं. तिच्या आईच्या जागी ती नरमेल, हा माझा हिशेब. फोनही मीच केला. "बाई, गुरुवारी ये. बोटवाल्याकडं जेवू सगळे. कचेरीत जरासं काम पण आहे."

"कसलं काम, आबा?"

"ये तर खरं."

ती आली. येताना माझ्यासाठी शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या, त्यांचं टोक पिशवीतून बाहेर डोकावत होतं. खानावळीत शिरल्याबरोबर मालकानं तिला ओळखलं. "या ताई. आजींची जागा रिकामीच ठेवली मी." ती भिंतीकडच्या खुर्चीवर बसली, नात तिच्या समोर. मालक टोपली ठेवता ठेवता म्हणाला, "आजी मला काय म्हणायच्या म्हायतीये का? म्हणायच्या, लेकरा, ह्ये यंत्र तू माझ्या लग्नाआधी का न्हाई आणलंस?"

त्यावर माझी मुलगी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मुलाच्या गोष्टीतलं हसणं ते हे. तेव्हा जमिनीचं नावही निघालेलं नव्हतं.

पहिली टोपली संपेपर्यंत जमिनीचा विषय निघाला नाही. मीच मुलाला डोळ्यानं थांबवत होतो. पोटात काही जाऊ दे म्हणून. मग त्यानं हात पुसले आणि सगळं सांगितलं. शेततळं, वकील, सही. सून म्हणाली, "ताई, आईंच्या माघारी तुमचं माहेर आमीच करायचं. दिवाळी, भाऊबीज, कायबी कमी पडू द्यायची न्हाई मी. साडी पण आणलीये, घोडेगावातली न्हाई, नारायणगावहून आणलीये."

मुलगी टोपलीवरचं फडकं नीट करत होती. ती भावाला म्हणाली, "वढ्यालगतचा तुकडा पण?"

"ताई, तळं तितंच बसतंय. उताराची जागा हाये, पाणी आपसूक येतं. दुसरीकडं खोदून काय उपेग?"

"बरं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आबा, आई काय म्हणली व्हती? जमिनीचं कधी काय बोलली का?"

आता ह्या प्रश्नाला मी तयार नव्हतो. सगळा बेत केला होता, पण हा नव्हता धरला. माझ्या हातात भाकरीची घडी होती आणि तिच्यातून टोमॅटोचं पाणी मनगटावर ओघळत होतं. बायको ज्या खुर्चीवरून मला "बघू न्हाई" म्हणाली होती, त्याच खुर्चीवर मुलगी बसलेली.

मी म्हणालो, "तुझी आई म्हणायची, जमीन पोराकडंच राहू दे. एकत्र राहू दे. तुकडे नको करायला."

"आई असं म्हणली?"

"हो."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. फार वेळ नाही. मालक पुढची टोपली घेऊन येईपर्यंत. मग तिनं एक भाकरी घेतली, तिच्यात उसळ भरली, खाल्ली. आणखी एक घेतली, तीही खाल्ली. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. हेच ते दोन टाको. मी मनात म्हटलं, जमलं. बहिणीच्या वेळची चूक ह्या वेळी झाली नाही. हिचा घास अडकला नाही.

ती उठून हात धुऊन आली आणि म्हणाली, "चला. उशीर नको. मला माघारी जायचंय."

कचेरीत आमचा नंबर लवकर लागला. तिथल्या माणसानं कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "ताई, राजीखुशीनं ना? कुणाचा दबाव वगैरे?"

"न्हाई," ती म्हणाली. "राजीखुशीनं."

तिनं सही केली, अंगठा ठेवला, फोटोसाठी पदर सारखा केला. बाहेर आल्यावर मुलगा मोकळा झाला होता. "ताई, गाडीत बस. ओझरला जाऊन गणपतीला पेढे ठेवू, मग तुला बोरीला सोडतो."

"तुमी जा. मी एसटीनं जाते."

"अगं, वाटंवरच हाये."

"म्हायतीये मला वाट," ती म्हणाली.

साडीची पिशवी सुनेनं तिच्या हातात दिली. ती तिनं घेतली, नाही म्हणाली नाही. आम्ही ओझरला गेलो, पेढे ठेवले. रात्री घरी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली सुनेनं. ती मी खाल्ली.

त्या वर्षी भाऊबीजेला ती आली नाही. नवऱ्याच्या गुडघ्याचं कारण सांगितलं. पुढच्या वर्षी कांदा काढणीचं. मुलगा दर वेळी म्हणायचा, "येईल, कुठं जातीये." आणि त्याच सुमाराला ती गोष्ट तयार झाली. आधी नातेवाइकांत, मग पाहुण्यांत. 'हसत हसत' हे त्यात कुणी घातलं ते मला सांगता येणार नाही. 'दोन टाको' मात्र मीच घातले. कुणीतरी विचारलं होतं, ताईला वाईट नाही ना वाटलं? तेव्हा मी म्हणालो, "छे, चांगली दोन जास्त खाल्ली तिनं." मलाच ते ऐकायचं होतं.

शेवटी मीच बोरीला गेलो. नारायणगावला उतरलो, पुढं जीप. मुलगी अंगणात कांद्याची प्रतवारी करत बसली होती. चहा झाला. जावई शेतावर गेले. मी म्हटलं, "बाई, मी तुझ्याशी खोटं बोललो."

तिनं हातातला कांदा मोठ्यांच्या ढिगात टाकला. "कंचं?"

"आईचं. ती तसं म्हणाली नव्हती. वढ्यालगतचा तुकडा तुला द्या म्हणाली होती."

"म्हायती व्हतं मला."

"काय माहीत होतं?"

"आईनं मला सांगितलं व्हतं. तुमी सगळे जाऊन आल्यावर आमी दोघीच गेलो व्हतो तवा, तितंच, बोटवाल्याकडं. म्हणली, मी तुझ्या बापाला बोललीये. त्यो द्यायचा न्हाई, पण तोंडावर न्हाई म्हणील एवढी आस हाये."

 मी विचारलं, "मग तू सही का केलीस?"

ती माझ्याकडं न बघता कांदे निवडत राहिली. "मी इचारलं कशाला, ते तुमच्या ध्यानात न्हाई आलं, आबा. मला वाटलं, तुमी म्हणाल, व्हय, ती तुला द्या म्हणली व्हती, पण मी न्हाई देणार. एवढं म्हणाला असता तर मी तितल्या तितं खुशीनं सही केली असती. आईची शपथ. तुमी आईच्या तोंडी घातलं. मग मी काय करायचं? सुनंसमोर, पोरीसमोर, त्या हाटेलवाल्यासमोर म्हणू, माझा बाप खोटं बोलतोय? हातात घास व्हता तुमच्या."

"आणि ते दोन..."

"काय दोन?"

"ते जास्तीचे. तू जेवलीस चांगली."

आता तिनं बघितलं. "आत्यानं ताट मला दिलं व्हतं तवा. मला वाटलं, तिला खरंच भूक न्हाई. लई वर्सांनी कळलं. तुमी चारचौघांत बसला व्हता, नात समोर बसलेली. मी ताट सरकवलं असतं तर त्या पोरीनं खाल्लं असतं. म्हणून मीच खाल्लं."

मी म्हणालो, मुलाशी बोलतो. तुकडा परत तुझ्या नावावर करायला लावतो. ती म्हणाली, "तळं खोदून झालं, आबा. पाण्याचा सातबारा घेऊन मी काय करू?" मग म्हणाली, "एकच करा. ती हसत हसत सही केल्याची गोष्ट सांगू नका. आमच्या सासरच्यांपर्यंत आलीये ती. माझी सासू मला दाखला देती, तू कशी दिलीस, तसंच तुझ्या नणदा देतील. माझ्या नावावर दुसऱ्या बायांच्या सह्या घेत्यात आता. तेवढं बंद करा."

मी येताना मुलाशी बोलायचं ठरवून आलो आणि बोललोही. तो म्हणाला, "बरं, न्हाई सांगत." तळ्याच्या कडेला उभे होतो आम्ही. काळं प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर ओढ्याचं पाणी हिरवं दिसत होतं. मी तुकड्याचं काढल्यावर तो म्हणाला, "आबा, आता हे बुजवू का मी?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरोखरच विचारायचं होतं.

गेल्या महिन्यात नातीचा वाढदिवस होता. आम्ही बोटवाल्याकडं गेलो. सुनेचे आई-वडील आणि भाऊ आले होते. सुनेच्या माहेरीही आता वाटणीचं चाललंय, तिच्या वडिलांनी तसं काही बोलून दाखवलं. मुलगा लगेच सरसावून बसला. "अहो, आमच्या ताईचंच घ्या ना. ह्याच टेबलावर बसून..."

मी म्हणालो, "ती हसली नव्हती."

माझा आवाज मोठा आला असावा, कारण मालक आतून डोकावला. मुलगा म्हणाला, "आबा, आपण नंतर बोलू."

"आत्ताच बोलायचंय. ती जमिनीवर हसली नव्हती, आईच्या आठवणीनं हसली होती. तिला तुकडा द्या असं तिची आई मला इथंच म्हणाली होती. मी तिच्याशी खोटं बोललो. म्हणून सही झाली."

 सुनेचे वडील टोपलीतल्या भाकरीकडं बघत होते. सुनेचा भाऊ मोबाइल काढून बसला. मग माझा मुलगा हसला. समजूतदारपणे हसला आणि व्याह्यांकडं वळून हळू म्हणाला, "आई गेल्यापासून त्यांचं असं होतंय. कायबाय आठवतं त्यांना." व्याह्यांनी सुटका झाल्यासारखी मान डोलावली. मी इतकी वर्षं डोलावत होतो तशीच. सुनेचं तोंड मात्र उतरलं होतं. ती बापाकडं बघत होती, आणि बाप तिच्याकडं बघत नव्हता.

"आबा, घ्या, गार होतंय," ती म्हणाली.

नातीनं विचारलं, "मग आत्या म्हणून येत नाय का?"

ह्याचं उत्तर मी द्यायला हवं होतं. मी एकदा बोललो होतो, ते म्हातारपणाच्या खात्यात गेलं. दुसऱ्यांदा तोंड उघडायचं बळ मला आलं नाही. मुलगा पुढं सांगायला लागला, जिथं मी तोडलं होतं तिथूनच. हसत हसत सही. दोन टाको. मालक नवी टोपली घेऊन आला आणि फडक्यातली पहिली भाकरी माझ्यापुढं धरली. "बाबा, आधी तुमी. तव्यावरची हाये."

मी ती घेतली. नात माझ्याकडं बघत होती. मी ती खाल्ली.

घरी आल्यावर हे लिहायला बसलो. नातीला आता जोडाक्षरं अडत नाहीत, सगळं वाचता येतं. ह्याची एक प्रत तिच्या कपाटात ठेवणार आहे आणि एक बोरीला पाठवणार आहे. मुलाला दिली तर तो म्हणेल, आबांना काहीबाही आठवतं. म्हणून त्याच्याकरता एवढंच वेगळं लिहून ठेवतो, की मला सगळं नीट आठवतं. टोमॅटोचं पाणी कोपरापर्यंत आलं होतं, आणि ते पुसायला ताईनंच मला तिचा रुमाल दिला होता. खोटं बोलून झाल्यावर.